किरकोळ

दौंडला आमचं खातं होतं. 'त्यांच्याकडे आमचं खातं आहे' हे त्या काळी सोयरीक सांगावी तशा सुरात सांगितलं जाई. वडील रेल्वेत, पगाराची तारीख ठरलेली, त्यामुळे किराणावाल्या शेठना आमच्या घराची काळजी नसे. आई पाठकोऱ्या कागदावर यादी करायची: तूरडाळ, शेंगदाणे, साबुदाणा, गूळ, आणि कंसात 'चहा मागच्या वेळचा नको'. ती घेऊन मी दुकानात उभा राहायचो. माणूस तराजूवर तोलून कागदाच्या पुड्या बांधायचा. छताला टांगलेल्या रिळातून दोरा खाली उतरायचा, पुडीला दोन वेढे, एक गाठ, मग दोरा बोटाभोवती घेऊन असा झटका द्यायचा की तो तुटलाच पाहिजे. घरी मी तो झटका पुष्कळदा देऊन पाहिला, बोट कापलं, दोरा नाही तुटला.

शेवटी पढवल्याप्रमाणे म्हणायचं, "आईनं सांगितलंय, लिहून ठेवा."

शेठ दोनदा लिहीत. एकदा त्यांच्या लाल चोपडीत, आणि एकदा आमच्या हातातल्या, घामानं मऊ पडलेल्या छोट्या वहीत. एकदा मी यादीबाहेरच्या लिमलेटच्या गोळ्या मागितल्या. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, गोळ्या दिल्या आणि वहीत लिहिलं, 'किरकोळ, ५० पैसे'. महिनाअखेरीला हिशेब करताना आईचं बोट त्या ओळीवर थांबलं. मी गप्प. पैसे द्यायला गेल्यावर तिनं शेठना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, किरकोळच आहे ते." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घाऊक नसेल ती विक्री मराठीत किरकोळ. माणसाला जन्मभर लागणारं मीठ, साबण, लुगडं, फ्रिज, मोबाइल, सगळं या एका शब्दात बसवून आपण वर त्याला क्षुल्लकही ठरवलं आहे. गेलं वर्षभर मी दौंड आणि शिरूर या दोन तालुक्यांतल्या दुकानांत फिरत होतो. काय विकलं जातं हे पाहायला गेलो होतो. पण नजर पुनःपुन्हा जात राहिली ती विकलेलं लिहून कोण ठेवतं याकडे.

*

चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे शिरूरला जाताना पारगावजवळ भीमा ओलांडावी लागते. दोन्ही काठांना ऊस. पूर्वी या रस्त्याच्या फाट्यांवर चहाची टपरी, सायकल पंक्चरचं दुकान आणि फार तर पिठाची गिरणी असे. आता खतं-औषधांच्या दुकानाशेजारी मोबाइलचं दुकान, त्याशेजारी पार्लर, त्याशेजारी केक शॉप. केक शॉप हे माझं खास माप आहे. ज्या फाट्यावर केक मिळतो तिथल्या गावात वाढदिवसाचं औक्षण संपून वाढदिवसाचा फ्लेक्स सुरू झाला असं खुशाल समजावं. केक दुपारी कापत नाहीत, रात्री बाराला कापतात. तो कापायला तलवार वापरल्यामुळे पोलीस ठाण्यात जाऊन आलेली मुलं महाराष्ट्रभर आहेत.

शिरूरच्या बाजारपेठेत शिरलं की नगर जिल्ह्याची बोली कानावर पडते. गाव घोडनदीच्या काठावर, पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. पारनेर आणि श्रीगोंदा तालुक्यांतल्या पुष्कळ गावांना स्वतःच्या जिल्ह्याच्या ठिकाणापेक्षा हीच पेठ जवळची. म्हातारी माणसं अजूनही 'घोडनदीला चाललो' म्हणतात. इंग्रजांची इथं छावणी होती. कोरेगावच्या लढाईसाठी १८१७ च्या ३१ डिसेंबरला रात्री निघालेली तुकडी इथूनच निघाली होती. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात शिरूरची जी नोंद आहे तीत कापडाचे आणि धान्याचे व्यापारी, सावकार आणि शनिवारचा आठवडे बाजार आहे. त्या बाजारात गुरं आणि घोडी मोठ्या संख्येनं विकली जात.

त्याच नोंदीतली एक गोष्ट मला फार आवडते. कर्नल वॉलेस नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये इथं वारला. त्याची कबर गावात आहे. लोक त्याला सत्पुरुष म्हणू लागले आणि सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य त्याच्या कबरीवर ठेवू लागले. गॅझेटियरवाला पुढे जपून लिहितो की ब्राह्मण आणि मारवाडी सोडून बाकीचे सगळे हिंदू त्याला मानतात. म्हणजे गावात दोन हिशेब चालू होते. धान्याचा पहिला घास परक्या शिपाईगड्याला, आणि उरलेलं खळं सावकाराला.

हा दुसरा हिशेब १८७४ साली फुटला. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात बाबासाहेब देशमुखांवर सावकारानं हुकूमनामा मिळवून घरावर टाच आणली. गावानं डिसेंबरात ठरवलं की सावकारांच्या रानात कुणी राबायचं नाही, न्हाव्यानं त्यांची दाढी करायची नाही, पाणी भरायचं नाही. कंटाळून सावकारांनी पोलिसांच्या बंदोबस्तात शिरूर गाठलं. पुढच्या उन्हाळ्यात, १२ मे १८७५ ला, सुप्याला आग पेटली. हे सुपं तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामतीत आहे, दौंडच्या शेजारीच. (पारनेरकडचं सुपं वेगळं, तिथं आता एमआयडीसी आहे.) मोठी पेठ, दुकानदार-सावकारांची घरं पुष्कळ. आसपासच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी दुकानांवर चाल केली आणि मागितलं काय, तर कागद. कर्जखतं, रोखे, वह्या. मिळाले ते जाळले. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटवली. पण बहुतेक ठिकाणी सावकारानं कागद हातात दिले की जमाव माघारी फिरत असे. हे लोण भीमथडी, शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदा असं पसरत गेलं.

या दंग्यांना 'सावकारविरोधी' म्हणून आपण शाळेत दोन गुणांत गुंडाळतो. पण जो सावकार तोच दुकानदार होता, हे त्यात सुटतं. बी, मीठ, पोरीच्या लग्नाचं कापड, सगळं त्याच ओट्यावरून यायचं आणि त्याच वहीत चढायचं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालू असताना कापसाला भाव आला तेव्हा याच ओट्यावर हवी तितकी उधारी मिळत होती. युद्ध संपलं, भाव कोसळले, नेमका त्याच सुमाराला सरकारनं शेतसारा वाढवला आणि उधारी एकाएकी आटली. राग सरकारवर निघायला हवा होता; तो जवळच्या माणसावर निघाला, कारण वही त्याच्याकडे होती. सगळं खापर एका जातीवर फोडणं तेव्हाही सोयीचं होतं.

सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आणला. कर्जापायी तुरुंग बंद झाला. शेतकऱ्याला पैसे फेडल्याची लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे आणि मागितल्यास त्याच्या हातात पासबुक असलं पाहिजे, असं त्या कायद्यानं सांगितलं. हे वाचलं तेव्हा मला आमची घामेजलेली वही आठवली. आईनं तो कायदा ऐकलाही नव्हता. तरी वही घरी विसरली तर ती मला दुकानातून परत पाठवायची. "त्यांच्या वहीत आहे ते आपल्या वहीत पायजे."

*

शिरूरहून पुण्याकडे येताना रांजणगाव लागतं. अष्टविनायकातला महागणपती इथला. चतुर्थीला गाड्यांची रांग लागते. आणि रोज शिफ्ट सुटायच्या वेळी लागते ती कामगारांच्या बसची. इथल्या एमआयडीसीत व्हर्लपूलच्या कारखान्यात फ्रिज बनतात. एलजीचा कारखाना २००४ मध्ये सुरू झाला. फियाटचा मोटारींचा कारखाना आहे. पावसाची वाट पाहणाऱ्या, ज्वारी-बाजरीच्या या माळावर बनलेली यंत्रं देशभरच्या स्वयंपाकघरांत उभी आहेत.

कारखान्यातून निघालेला फ्रिज कंपनीच्या गोदामात जातो, तिथून वितरकाकडे, तिथून दुकानात. एखादा फ्रिज हे सगळं तीर्थाटन करून शिरूरच्याच दुकानात येऊन उभा राहतो. आणि ज्या मुलानं त्याच्या दाराला रबर बसवलं असेल तो रविवारी बायकोला घेऊन त्याच दुकानात येतो, दार उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो. दार लागल्याचा आवाज तो जितकं लक्ष देऊन ऐकतो त्यावरून कळतं की हा बनवणारा आहे. कंत्राटी कामगाराच्या पगारात तो फ्रिज रोखीनं येत नाही. म्हणून दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल असतं.

त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. दुकानात असूनही हे टेबल दुकानदाराचं नसतं. तिथं बसलेला मुलगा फायनान्स कंपनीचा असतो, गळ्यात पट्टा, हातात टॅब. समोरच्या जोडप्याला तो बसायला सांगतो आणि विचारतो, "आधारला मोबाइल लिंक आहे ना?" आधार क्रमांक, पॅन, मग फोनवर आकडे येतात, ते वाचून दाखवायचे. बायको ते आकडे दोनदा वाचते. मग टॅब सिबिलला विचारतो. तीनशे ते नऊशेच्या मधला एक आकडा येतो. घराण्याची पत, जमिनीचा उतारा, बापाचा शब्द, कारखान्याचं ओळखपत्र, हे सगळं त्या आकड्यात कसं आलं असेल किंवा आलं नसेल, ते टेबलापलीकडच्या मुलालाही माहीत नसतं. तो फक्त म्हणतो, "अप्रूव्ह झालं." किंवा, "दादा, आत्ता होत नाहीये. दुसऱ्या कुणाच्या नावावर बघू का?" दुसऱ्या वाक्याला त्या माणसाचा चेहरा जसा होतो तो पाहून मी त्या दुकानात परत गेलो नाही.

मंजूर झालं की मात्र सोहळा असतो. फ्रिजला हार, नारळ, मालकाबरोबर फोटो, मग छोट्या हत्तीत दोऱ्या बांधून मिरवणूक. दसरा, पाडवा, धनत्रयोदशी या दिवशी शिरूरच्या रस्त्यांवर असे हारवाले फ्रिज आणि टीव्ही ओळीनं जाताना दिसतात. २२ सप्टेंबर २०२५ ला, नवरात्राच्या पहिल्या दिवशी, मोठ्या टीव्हीचा आणि एसीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. फ्रिज २०१८ सालीच १८ वर आला होता. तरी गिऱ्हाईक फ्रिजच्या दुकानात येऊन विचारत होतं की फ्रिज किती स्वस्त झाला, आणि ही जुनी गोष्ट नव्यानं समजावताना दुकानदारांचे घसे बसत होते.

मीही एकदा अशा टेबलापुढे बसलो आहे. कुठल्या कंपनीच्या ते जाऊ द्या. घरचं वॉशिंग मशिन अचानक बंद पडलं, नवं घ्यायला गेलो, 'बिनव्याजी हप्ते' असं कळलं. रोखीनं घेऊ शकत होतो, पण बिनव्याजी म्हटल्यावर मराठी माणूस थांबतो का? घरी येऊन कागद पाहिले तर प्रोसेसिंगची रक्कम होती, मशिनचा विमा होता, आणि माझाही विमा होता. मी मेलो तर मशिन फिटणार होतं. रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज नसते, व्याज प्रोसेसिंग फीमध्ये किंवा किमतीत लपवलेलं असतं. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देताना सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर सांगणारं पत्रक कर्जदाराला, त्याला समजेल अशा भाषेत द्यावंच लागतं. १८७९ च्या पासबुकाचं हे पणतवंड. त्या टेबलावर ते पत्रक टॅबच्या पडद्यावर सरसर वर जातं, आणि खाली आपण बोटानं सही करतो.

*

खरेदीचा खरा महोत्सव मात्र अजून बस्त्याचाच आहे. शहरी वाचकांसाठी सांगतो: लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कापड दुकानात जातात आणि नवरा-नवरीच्या कपड्यांपासून ते आत्याच्या जाऊबाईच्या आहेराच्या साडीपर्यंत सगळं एका बैठकीत घेतात, त्याला बस्ता बांधणं म्हणतात. दोन जीपगाड्या भरून माणसं येतात. दुकानात पांढऱ्या गाद्या. बायका भिंतीकडे, पुरुष दाराकडे. विकणारा माणूस साड्यांचा थर उघडतो आणि मनगटाच्या एका झोक्यात पदर असा फेकतो की तो नेमका नवरीच्या आईच्या मांडीवर पडतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं नवरीची आई कोण ते. मी विचारलं तेव्हा तो हसला. "जी किंमत बघत नाही, नुसती पोरीकडं बघती, ती आई."

मग 'हातावरच्या', 'मानाच्या' आणि 'देण्याघेण्याच्या' असे साड्यांचे तीन ढीग पडतात. तिसऱ्या ढिगातल्या साड्या कुणीच नेसत नाही. त्या एका लग्नातून दुसऱ्या लग्नात घड्या न मोडता फिरत राहतात. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात माहीत नाही, पण या दोन तालुक्यांत त्या साड्या चलनासारख्या चालतात. एका बाईनं मला सांगितलं की तिनं दिलेली साडी चार वर्षांनी तिलाच आहेर म्हणून परत आली. खूण म्हणून तिनं आत पेनानं बारीक टिंब केलं होतं.

पूर्वी बस्त्याला दुकानदार चहा, उन्हाळ्यात सरबत आणि दुपारी जेवण द्यायचा. आता दुकानाबाहेर फलक असतो: बस्त्यावर अमुक खरेदीला मिक्सर, तमुक खरेदीला फ्रिज, लकी ड्रॉमध्ये मोटारसायकल. कापडाचं दुकान यंत्रं वाटतं आणि यंत्रांचं दुकान पैठणीची सोडत काढतं. पैसे मात्र दोघांनाही एकाच वेळी मिळतात. ती वेळ साखर कारखाना ठरवतो.

दौंड तालुक्यात पाटसचा भीमा सहकारी, आलेगावचा दौंड शुगर, यवतचा अनुराज, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला रास्त दराचे पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर वर १५ टक्के व्याज. ते व्याज बहुधा कागदावरच दिसतं. म्हणून दौंड-केडगावच्या कापडवाल्याला तोडणीच्या टोळ्या कुठे पोहोचल्या हे कारखान्याच्या शेतकी खात्याइतकंच माहीत असतं. भीमा-पाटसची धुराडी काही हंगाम थंड होती, तेव्हा आसपासच्या पेठांनी ती चूल विझल्यासारखीच सोसली. केडगावच्या पट्ट्यात दुसरा आधार म्हणजे गुऱ्हाळं. तिथं भाव कमीजास्त, पण पैसा लवकर हातात पडतो, आणि तो किराण्याकडे आधी वळतो. तिसरा कांदा. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. दिल्लीतल्या त्या एका कागदानं लग्नसराईतले किती बस्ते लहान केले असतील, ते चाळीतल्या कांद्यापेक्षा गादीवरच्या माणसाला जास्त अचूक सांगता येईल.

*

दौंडची गोष्ट वेगळी. हे गाव पगारावर वाढलं. पुण्याहून रेल्वे इथं १८५८ मध्ये आली, मनमाडचा फाटा १८७८ मध्ये, बारामतीची छोटी लाइन १९१४ मध्ये. जंक्शन झालं, वर्कशॉप आलं, चाळी आल्या, चाळींतून तेलुगू आणि तमिळ बोलणारी घरं आली. इडलीचं पीठ दौंडमध्ये दुकानात मिळू लागलं तेव्हा आसपासच्या खेड्यांना इडली माहीत नव्हती. पुढे राज्य राखीव पोलीस दलाचे गट आले, कुरकुंभला केमिकलचे कारखाने आले. पगाराच्या गावाची पेठ उसाच्या गावासारखी कधी उपाशी, कधी तुडुंब अशी नसते. तिला महिन्याची भरती-ओहोटी असते, आणि पहिल्या आठवड्यात काजू दिसले तरी शेवटच्या आठवड्यात शेंगदाणेच दिसतात.

मोठी खरेदी मात्र पुण्याला. शटलनं सकाळी जायचं, लक्ष्मी रोड, तुळशीबाग, चितळ्यांची बाकरवडी, आणि संध्याकाळच्या गाडीला पिशव्या मांडीवर घेऊन परत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी त्या डब्यात उभं राहायला जागा नसे, आणि प्रत्येक पिशवीतून कुणी काय आणलं हे दौंड येईपर्यंत सगळ्या डब्याला माहीत झालेलं असे. तोच आमचा खरा बाजार होता. वस्तू घेण्यापेक्षा ती डब्यात दाखवण्यात निम्मा आनंद.

आता पुणं पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येतं. पाठीवर भली मोठी पिशवी घेतलेली मुलं मोटारसायकलवरून वाड्यावस्त्यांवर जातात. पत्ते पाहण्यासारखे असतात: 'कॅनॉलशेजारी, मोठ्या लिंबापाशी फोन करा'. रोख देऊन घ्यायची सोय असल्यामुळे साडी उघडून पाहून, नेसून, फोटो काढून परतही करता येते. बस्त्याच्या दुकानात असं केलं असतं तर गाव हसलं असतं. खोक्याला कुणी हसत नाही, आणि खोक्यात काय होतं ते कुणाला कळतही नाही. शेजारणीच्या घरी आलेल्या खोक्यांची मोजदाद मात्र होते.

बायकांच्या हातात स्वतःच्या नावावर पैसा येणं हा अलीकडचा मोठा फरक. लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते, मिळून ३,००० रुपये, २०२४ च्या ऑगस्टमध्ये राखीपौर्णिमेच्या तोंडावर खात्यात पडले. आठवड्याभरात दुकानांवर 'लाडक्या बहिणींसाठी खास' असे फलक लागले. पैसे कशात गेले असं मी विचारत फिरलो. पैंजण, पोराची फी, गुडघ्याचं औषध, बचत गटाचा थकलेला हप्ता. फलकवाल्यांना त्यातलं फारसं काही मिळालं नसावं असा माझा अंदाज. एका बाईनं स्टीलचा डबा घेतला होता. त्यावर तिनं दुकानात यंत्रानं नाव कोरून घेतलं होतं, नुसतं स्वतःचं, नवऱ्याचं नाव न लावता. आजवर घरातल्या प्रत्येक भांड्यावर सासऱ्याचं नाव होतं.

*

रांजणगावच्या अलीकडे-पलीकडे, कारेगावसारख्या गावांत, ज्यांच्याकडे शेती होती त्यांनी खोल्या बांधल्या. पत्र्याच्या, दहा बाय दहाच्या. मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहारकडची मुलं एकेका खोलीत तिघं-चौघं राहतात. त्यांच्यासाठीच्या दुकानात शिरलं की वस्तूंचं माप लगेच दिसतं. काहीच मोठं नाही. पाच किलोचं सिलिंडर, गुंडाळून ठेवता येणारी गादी, पावशेर तेल. दारावर तोरणासारख्या शांपूच्या, चहाच्या, सॉसच्या पुड्यांच्या माळा. शांपू पुडीत भरून विकायची युक्ती तमिळनाडूतून आली. १९८३ मध्ये कडलूरच्या चिक शांपूनं धंदा सुरू केला तो पुडीवरच. आम्ही लहानपणी पुडी म्हणायचो ती दुकानदाराच्या हातची, पाहिजे तेवढ्या वजनाची. ही पुडी कंपनीच्या मापाची. दोन रुपयांची दोनच रुपयांना मिळते, दीड रुपयाची मागता येत नाही.

याच दुकानात मोहरीचं तेल आणि सत्तू मिळतं, दिवाळी सरता सरता छठपूजेची सुपं टांगलेली दिसतात. मालक इथला शेतकरी. त्याला 'लिहून ठेवा' हे वाक्य बारा प्रकारच्या हिंदीत ऐकू येतं. तो लिहितो का? "खोली आपल्याच चाळीत असंल तर लिहितो," तो म्हणाला. "बाहेरच्याचं नाही. कंत्राट संपलं की रात्रीत गाडी धरत्यात. कुणाला शोधायचं?" बाहेरच्यांसाठी मोबाइल आहेच. तो हप्त्यावर घेतलेला, हप्ता थकला की आपोआप कुलूप लागणारा. ज्या मुलाला दुकानदार वीस रुपयांचं पीठ उधार देत नाही त्याला एका ॲपनं वीस हजारांचा फोन दिलेला असतो. ॲपला त्याचं गाव शोधायची गरज पडत नाही.

तेव्हा उधारी संपली असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ती या दोन तालुक्यांत १८७५ च्या आधीही होती, आजही आहे, आणि आज तिच्यात जास्त माणसं आहेत. ओट्यावर बसणाऱ्या सावकाराला गाव नाव घेऊन शिव्या देऊ शकत होतं, त्याची दाढी बंद करू शकत होतं. आमच्या शेठबद्दलही मला भाबडं व्हायचं नाही. खात्यावरच्या गिऱ्हाइकाला ते भाव विचारू देत नसत, जुना चहा आमच्याच माथी मारत, आणि खातं असल्यामुळे आईला शेजारच्या दुकानातली स्वस्त डाळ घेता येत नसे. पण वडील आजारी पडून पगार कापला गेला त्या दोन महिन्यांत त्यांनी मागायला माणूस पाठवला नाही. 'बघू' म्हणाले. टॅबमध्ये 'बघू' असा पर्याय नाही.

*

लक्ष्मीपूजनाला दौंडमध्ये आजही चोपडीची पूजा होते. वह्या विकणाऱ्या दुकानात दिवाळीआधी लाल कापडी पुठ्ठ्यांचे गठ्ठे येतात, पण ते दरवर्षी थोडे बुटके होत चालले आहेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून हिशेब संगणकावर. तरी पूजेला एक वही लागतेच. पहिल्या पानावर स्वस्तिक, श्री, शुभ-लाभ, हळदकुंकू, आणि मग उरलेली वही कोरी. एका दुकानदारानं मला कपाटातल्या सात कोऱ्या चोपड्या दाखवल्या, प्रत्येकीचं पहिलं पान तेवढं लिहिलेलं. "टाकवत नाहीत," म्हणाला.

त्याच्याच दुकानात उभा होतो तेव्हा साताठ वर्षांचा एक मुलगा आला. दूध, खोबरेल तेल, आणि जरा थांबून, कुरकुरे. पिशवीत सगळं पडल्यावर छाती पुढे काढून म्हणाला, "मम्मीनं सांगितलंय, लिहून ठेवा."

दुकानदारानं गल्ल्याशेजारचा फोन उचलला, मुलाच्या आईचं नाव शोधलं, तीन वस्तू तीन ओळींत टाकल्या आणि हिरवं बटण दाबलं. मुलगा दुकानाच्या पायऱ्या उतरतो न उतरतो तोच दुकानदाराचा फोन वाजला. त्यानं तो स्पीकरवर टाकला.

"भाऊ, ते कुरकुरे कुणी सांगितले?"

मुलगा पायरीवर थांबला होता. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"वहिनी," तो म्हणाला, "ह्यात किरकोळ लिहायला जागाच नाही."